तलावावरची जानेवारी पाणपक्षी गणना: आखणीपासून नोंदणीपर्यंत

आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते. आंतरराष्ट्रीय पातळीवर तिचं संयोजन वेटलँड्स इंटरनॅशनल ही संस्था करते आणि भारतात बीएनएचएसचा (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा) त्यात मोठा वाटा असतो. भाग घ्यायला उजनी किंवा जायकवाडीच लागते असं नाही. गावचा पाझर तलाव, शहरातला सांडपाण्याने भरलेला तलाव, नदीवरचा कोल्हापुरी बंधारा, सगळं चालतं. अट एकच: जी जागा घ्याल ती दरवर्षी, त्याच हद्दीत, त्याच ठिकाणी उभं राहून, त्याच वेळेला मोजता आली पाहिजे. बहुतेक गणना फसतात त्या इथेच. एका वर्षी वीसजण सबंध बॅकवॉटर पालथं घालतात, पुढच्या वर्षी चौघं धरणाच्या भिंतीवरून दुर्बीण फिरवून परततात, आणि मग "पक्षी निम्म्यावर आले" अशी बातमी होते.

जानेवारीच का? तोवर उत्तरेकडून आलेली बदकं आणि चिखलपक्षी (काठच्या चिखलात चरणारे पक्षी) स्थिरावलेले असतात आणि परतीचा प्रवास सुरू झालेला नसतो. शिवाय सगळ्या खंडभर एकाच सुमारास मोजणी झाली की एकच थवा दोन देशांच्या यादीत मोजला जाण्याची शक्यता कमी होते. गणनेचा कालावधी साधारण पंधरवड्याचा असतो आणि नेमक्या तारखा दरवर्षी जाहीर होतात. त्यातला एक दिवस आपल्या तलावासाठी ठरवा आणि पुढच्या वर्षीही त्याच आठवड्यातला धरा. संक्रांतीचा दिवस टाळा. तलावाकाठी पतंग उडवणाऱ्यांची गर्दी असेल तर त्या दिवशीच्या आकड्याला अर्थ राहत नाही.

हद्द आणि मोजणीबिंदू

डिसेंबरातच उपग्रह नकाशावर तलावाची हद्द आखून घ्या. हद्द पाण्याच्या कडेने आखू नका, कारण पाणी मागे-पुढे होतं. पूर्ण भरल्यावर पाणी जिथवर येतं ती रेषा धरा, म्हणजे उघड्या पडलेल्या चिखलावरचे तुतारी (सँडपायपर) आणि टिलवे (स्टिंट) हे छोटे चिखलपक्षी आपोआप हद्दीत येतात. काठची शेतं घ्यायची की नाही हेही तेव्हाच ठरवा. पट्टकदंब हंस रात्री हरभऱ्यात-गव्हात चरतात आणि दिवसा पाण्याकाठी किंवा बेटावर विसावतात. शेतं हद्दीबाहेर ठेवलीत तर पाण्यावर परतलेलेच हंस मोजायचे, शेतातले वेगळे लिहायचे.

नंतर तलावाचे भाग पाडा. एका भागात तेवढंच पाणी असावं जेवढं एका बिंदूवरून नीट दिसतं. नुसत्या दुर्बिणीने बदकाची जात खात्रीने ओळखायची तर दीड-दोनशे मीटरच्या पुढे अवघड जातं. स्पॉटिंग स्कोप (तिवईवर लावायची एकनळी दुर्बीण) असेल तर चारशे-पाचशे मीटरपर्यंत काम होतं, तेही सकाळच्या स्वच्छ हवेत. भागांच्या सीमा जमिनीवर दिसणाऱ्या खुणांनी ठरवा: पंपहाऊस, विजेचा टॉवर, एकटी बाभूळ, पुलाचा तिसरा खांब. "साधारण मधून" अशी सीमा असली की मधलं बेट दोन्ही गट मोजतात किंवा कुणीच मोजत नाही. बेट कोणत्या भागाचं हे नकाशावर लिहूनच टाका.

बिंदू निवडताना सूर्य पाठीशी असला पाहिजे. सकाळची मोजणी पूर्वेच्या काठावर उभं राहून पश्चिमेकडे बघत करायची. उलट दिशेने बघितलं तर पाण्यावरची चकाकी आणि त्यात नुसत्या काळ्या आकृत्या, वारकरी (कूट हा काळा पाणपक्षी) आणि गडवाल बदकही वेगळे सांगता येत नाहीत. पूर्व काठावर जागाच नसेल तर तो भाग दुपारी चारनंतर मोजा आणि दरवर्षी तसाच मोजा. प्रत्येक बिंदूचे अक्षांश-रेखांश नोंदवा आणि तिथून समोरच्या दृश्याचा एक फोटो काढून ठेवा. माणसं बदलली तरी त्या फोटोवरून बिंदू सापडतो.

परवानग्या याच टप्प्यावर मिळवा. नांदूर मध्यमेश्वर, जायकवाडी, ठाणे खाडी अशा अभयारण्यांत वनविभागाचं लेखी पत्र लागतं. धरणाच्या भिंतीवर जायचं तर जलसंपदा विभागाचं, शहरातल्या तलावासाठी महापालिकेचं. भिंतीवरून दुर्बीण रोखलेली माणसं पाहून चौकीदार हटकणारच. तेव्हा पत्राची छापील प्रत खिशात हवी, फोनमधली नव्हे.

माणसं आणि साहित्य

एका बिंदूला तिघं पुरतात. एकजण मोजतो, एकजण लिहितो, तिसरा डोक्यावरून आणि बाजूने काय उडतंय यावर लक्ष ठेवतो. मोजणाऱ्याने वही हातात घ्यायची नाही. एकदा नजर थव्यावरून हटली की तो पुन्हा सुरुवातीपासून मोजावा लागतो. मोजणाऱ्याने बदकाचं नाव आणि आकडा मोठ्याने सांगायचा, "थापट्या, बेचाळीस", आणि लिहिणाऱ्याने तेच शब्द परत म्हणून दाखवायचे. वाऱ्यात "चौदा" आणि "चौतीस" यांत गल्लत होते, ती अशी टळते. नवखी माणसं चौथ्या जागेवर जरूर घ्या, पण पहिल्याच वर्षी त्यांच्यावर स्वतंत्र भाग सोपवू नका. नोव्हेंबरात ५ ते १२ तारखेला राज्यात पक्षी सप्ताह असतो. तिथून जानेवारीपर्यंतचे आठवडे सरावाला पुरेसे आहेत.

दुर्बीण ८×४२ किंवा १०×४२ (पहिला आकडा किती पट मोठं दिसतं त्याचा, दुसरा पुढच्या भिंगाच्या व्यासाचा, मिलिमीटरमध्ये). मोजायला आठपटीची बरी, कारण तिच्यात एका वेळी जास्त पाणी दिसतं आणि हात कमी हलतो. स्कोप साठपटीपर्यंत जात असला तरी मोजणी वीस ते तीसपटीवरच करा. जास्त मोठं केलं की दृश्य अरुंद होतं आणि ऊन चढल्यावर थरथरती हवाच मोठी दिसते. बाकी तिवई, हातातलं गणकयंत्र (बटण दाबलं की आकडा वाढणारं), पॅड, आणि पेन्सिल. पेन्सिल अशासाठी की दवाने ओल्या झालेल्या कागदावर पेन चालत नाही.

थव्याच्या अंदाजाचा सराव घरीच होतो. मूठभर मसूर ताटात फेकायची, पाच सेकंद बघायची, आकडा लिहायचा आणि मग मोजायची. बहुतेकांचा अंदाज कमीच येतो आणि ढीग जितका मोठा तितका जास्त कमी येतो. आठवडाभर रोज दहा मिनिटं असं केलं की आपला कल आपल्याला कळतो.

आदल्या आठवड्याची फेरी

मोजणीच्या चार-पाच दिवस आधी प्रत्येक बिंदूवर जाऊन या. रब्बीचं आवर्तन सुटलं की पाणी भराभर खाली जातं आणि डिसेंबरात पाण्याला लागून असलेला बिंदू जानेवारीत दोनशे मीटर मागे पडतो. तसं झालं तर बिंदू पुढे सरकवा, पण मूळ बिंदू आणि सरकवलेला, दोन्ही नोंदवा. मासेमारांना भेटा. जाळी कधी काढतात, तराफे कुठून सोडतात, कोणत्या कोपऱ्यात बदकं बसतात हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं, आणि मोजणीच्या सकाळी तासभर उशिरा पाण्यात उतरायला ते बहुधा तयारही होतात. जवळपास दोन-तीन तलाव असतील तर सगळीकडे एकाच सकाळी मोजणी ठेवा. एका तलावावरून उठलेली अडई बदकं अर्ध्या तासात दुसऱ्यावर उतरलेली असतात.

खाडीवर गणित वेगळं असतं. ओहोटीला रोहित (फ्लेमिंगो) आणि चिखलपक्षी मैलभर दूर पांगतात आणि मोजणं अशक्य होतं. भरती चढत असताना ते उरलेल्या चिखलावर किंवा मिठागराच्या बांधावर दाटीने जमतात. म्हणून तिथे घड्याळाऐवजी भरतीचं वेळापत्रक बघायचं आणि पूर्ण भरतीच्या आधीचे दोन तास धरायचे.

मोजणीची सकाळ

जानेवारीत पुण्या-नाशकाकडे सूर्य सात-सव्वासातला उगवतो, नागपूरकडे त्याआधी थोडा. सगळ्या गटांनी पंधरा मिनिटं आधी बिंदूवर पोचून शांत बसायचं आणि ठरलेल्या एकाच वेळेला, समजा साडेसातला, मोजायला सुरुवात करायची. धुकं असेल तर सगळेच थांबतील. एका गटाने साडेसातला आणि दुसऱ्याने साडेआठला सुरू केलं की मधल्या तासात थवे इकडून तिकडे जातात आणि दोन्हीकडे मोजले जातात. दहाच्या सुमारास वारा सुटतो, पाण्यावर लाटा उठतात, आणि लाटांआड टिबुकलीसारखा छोटा पक्षी दिसेनासा होतो. तोवर काम संपलेलं असावं.

पोचल्यावर आधी दुर्बिणीने एक झटपट नजर सगळ्या भागावरून फिरवा आणि मोठे थवे कुठे आहेत, कोण उडण्याच्या बेतात आहे ते बघा. बुजरे पक्षी आधी मोजा. चक्रवाक आणि हंस माणूस दिसताच माना उंचावतात. बगळे, शेकाट्या, टिटव्या नंतर मोजल्या तरी जागेवरच असतात. पक्ष्यांनी चरणं थांबवलं, माना ताणल्या, एका दिशेने चालायला लागले, की आहात तिथेच थांबा. आणखी दहा पावलं पुढे टाकलीत तर थवा उडेल, आणि शेजारच्या गटाची मोजणीही बिघडेल. ड्रोन तर नकोच.

शंभरेक पक्ष्यांपर्यंतचा थवा एकेक करून मोजता येतो, गणकयंत्राचं बटण दाबत. त्यापुढे गठ्ठ्याने मोजायचं. आधी दहा पक्षी खरोखर मोजा आणि ते दहा डोळ्यांत किती जागा व्यापतात ते पाहा. तेवढाच तुकडा उचलून थव्यावर पुढे पुढे ठेवत जा. हजाराच्या वर गेलं की दहाऐवजी पन्नासचा किंवा शंभरचा तुकडा. चूक होते ती तुकडा थव्याच्या कडेवरून घेण्यात. कडेला पक्षी विरळ असतात आणि मध्ये खच्चून भरलेले, म्हणून कडेचा तुकडा लावला तर एकूण आकडा हमखास कमी येतो. एक तुकडा दाटीतला आणि एक विरळ भागातला असे दोन घ्या आणि जिथे जसं असेल तिथे तसा वापरा. थवा दोनदा मोजा, एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून. दोन्ही आकड्यांत दहा टक्क्यांहून जास्त फरक पडला तर तिसऱ्यांदा.

मिश्र थव्यात प्रत्येक जातीसाठी स्वतंत्र फेरी मारा: पहिल्या फेरीत फक्त वारकरी, दुसरीत फक्त थापट्या. एका फेरीत चार जाती मोजायला गेलात की चारही चुकतात. थवा त्याहून मोठा असेल आणि वेळ कमी, तर एकूण संख्या काढून नमुन्यावरून वाटणी करा. समजा एकूण अंदाज १,८०० आला. स्कोप थव्यावर पाच वेगवेगळ्या ठिकाणी थांबवून त्या चौकटींतले पक्षी जातवार मोजले आणि बेरीज २४० आली: वारकरी १५०, थापट्या ४८, तलवार बदक ३०, गडवाल १२. म्हणजे अनुक्रमे साडेबासष्ट, वीस, साडेबारा आणि पाच टक्के. त्यावरून १,८०० ची वाटणी १,१२५, ३६०, २२५ आणि ९० अशी होते. आकड्यापुढे "अंदाज" लिहा आणि नमुन्याचे आकडेही फॉर्मच्या मागे ठेवा. पाचही चौकटी थव्याच्या एकाच टोकाला घेऊ नका; जाती थव्यात सारख्या पसरलेल्या नसतात.

लालसरी, शेंडी बदक, वारकरी, टिबुकली हे बुडी मारणारे. कोणत्याही क्षणी काहीजण पाण्याखाली असतातच. त्यांच्या छोट्या घोळक्याची मिनिटा-मिनिटाच्या अंतराने तीन-चारदा मोजणी करून सर्वांत मोठा आकडा घ्या.

मार्श हॅरियर हा शिकारी पक्षी वरून गेला की सगळा तलाव उठतो. अशा वेळी मोजायच्या भानगडीत न पडता कॅमेरा उचला आणि थव्याचे एकमेकांवर थोडे चढणारे फोटो डावीकडून उजवीकडे घ्या. घरी पडद्यावर मोठं करून प्रत्येक पक्ष्यावर ठिपका देत मोजता येतं. उडत्या थव्यांसाठी नियम सोपा आहे: मोजून झालेल्या भागाकडून आले तर मोजायचे नाहीत, न मोजलेल्या भागाकडून किंवा हद्दीबाहेरून येऊन उतरले तर मोजायचे. नुसते वरून निघून गेलेले वेगळ्या रकान्यात. प्रत्येक मोठ्या हालचालीची वेळ आणि दिशा लिहा, उदाहरणार्थ "७:५२, अडई १२०, भाग २ कडून ३ कडे". शेवटी आकडे जुळवताना याच ओळी उपयोगी पडतात.

जिथे ओळख चुकते

बदकांच्या माद्या, छोटे चिखलपक्षी आणि पांढरे बगळे, चुका होतात त्या बहुतेक इथेच.

बगळ्यांत चोच आणि पाय बघा. काळी चोच, काळे पाय आणि पिवळे पंजे असतील तर तो लहान बगळा. पिवळी चोच आणि काळे पंजे असतील तर मध्यम किंवा मोठा. मग जिवणीची रेषा बघायची: डोळ्याखालीच संपली तर मध्यम, डोळ्याच्या मागे गेली तर मोठा. गाय बगळा हिवाळ्यात पूर्ण पांढरा असतो, पण मान आखूड आणि चोच बुटकी. "बगळे, ६०" एवढंच लिहिलेला फॉर्म फारसा कामाचा नसतो.

ग्रीन आणि वुड सँडपायपर उडताना दोघांचंही बूड पांढरं दिसतं. ग्रीनचे पंख खालून गडद काळपट, वुडचे फिकट. बसलेला असेल तर वुडची पांढरी भुवई डोळ्याच्या मागेपर्यंत जाते, ग्रीनची डोळ्यापुढेच संपते. कॉमन सँडपायपर खांद्यापाशी छातीची पांढरी पट्टी वर चढलेली असते, त्यावरून आणि सतत शेपूट हलवण्यावरून कळतो. टिलव्यांमध्ये पाय काळे असतील तर लिटल स्टिंट, पिवळसर असतील तर टेमिंक्स स्टिंट. पायाला चिखल लागलेला असेल तर हा फरक विसरा आणि छाती बघा. टेमिंक्सच्या छातीवर एकसारखा राखी-तपकिरी पट्टा असतो.

चक्रांग आणि भुवई बदक यांच्या माद्या दुरून सांगता येत नाहीत. अशा वेळी "छोटं बदक, अनिश्चित, १४०" असं लिहा. नर दिसले त्या प्रमाणात माद्या वाटून टाकण्याचा मोह होतो, पण दोन्ही जातींतलं नर-मादी प्रमाण सारखं असेलच असं नाही. खात्री नसलेला पक्षी अनिश्चित म्हणून लिहिण्यात कमीपणा नाही. दुर्मीळ म्हणून लिहिलेला चुकीचा पक्षी मात्र पुढे कुणीतरी अभ्यासात वापरतो.

मराठी नावं गावागणिक बदलतात, म्हणून छापील यादीत प्रत्येक जातीपुढे एकच नाव ठरवा. "पाणकोंबडी" म्हटल्यावर एकजण एका पक्ष्याला टिक करतो आणि दुसरा भलत्याच.

नेहमीच्या पक्ष्यांना वगळू नका. टिटवी, वंचक (ढोकरी), गाय बगळा, धोबी यांच्याकडे "हे काय, रोजचेच" म्हणून दुर्लक्ष होतं. खंड्ये आणि पाण्यावर अवलंबून असलेले शिकारी पक्षीही गणनेच्या फॉर्मवर असतात.

गळ्यात रंगीत पट्टा असलेला हंस किंवा पायात कडी असलेला पक्षी दिसला तर पट्ट्याचा रंग, अक्षरं, डावा पाय की उजवा, हे सगळं लिहा, जमल्यास फोटो काढा आणि बीएनएचएसला कळवा. मेलेले किंवा मान वाकडी करून धडपडणारे पक्षी आढळले तर हात लावू नका. जागा नोंदवून पशुसंवर्धन आणि वनविभागाला लगेच कळवा. राज्यात जानेवारी २०२१ मध्ये बर्ड फ्लू आढळला होता, तेव्हा एवढी काळजी हवीच.

फॉर्म आणि आकडे जुळवणं

मोजणी संपली की सगळे गट एकत्र बसा, घरी जाण्याआधीच. नकाशा मध्ये ठेवून मोठे थवे एकेक करून विचारा: तुमचे ३०० चक्रवाक किती वाजता, कुठे होते? शेजारच्या गटाचे २८० किती वाजता? वेळ आणि दिशा जुळत असतील तर तो एकच थवा. ज्या गटाला तो जवळून दिसला त्याचा आकडा ठेवा. संध्याकाळी फोनवरून हे होत नाही, तोवर सगळ्यांच्या आठवणी पुसट झालेल्या असतात.

फॉर्मवर आकड्यांइतकंच बाकीचंही महत्त्वाचं: सुरुवातीची आणि शेवटची वेळ, माणसं किती, किती टक्के भाग खरोखर पाहता आला, धुकं-वारा, पाण्याची पातळी, जलपर्णीने किती पाणी झाकलं, जाळी, सांडपाणी, भराव, वीटभट्ट्या. एखादा भाग धुक्यामुळे राहिला तर तिथे शून्य लिहू नका, "पाहिला नाही" लिहा. उलट तलाव पूर्ण आटला असेल तरी तिथे जाऊन या आणि शून्याची नोंद करा. ती नोंद खरी माहिती आहे, आणि लोक नेमकी तीच गाळतात.

ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर आकडे भरताना प्रत्येक बिंदूची वेगळी यादी करा, सबंध तलावाची एकच नको. दिसलं-नाही-दिसलं अशी खूण न करता आकडा भरा. शेवटी विचारलं जातं की ओळखलेले सर्व पक्षी यादीत आहेत का. तुम्ही फक्त पाणपक्षी मोजून कोतवाल, बुलबुल सोडून दिले असतील तर उत्तर "नाही" असंच द्यायचं. सवयीने "हो" दाबलं जातं आणि त्या सकाळी तिथे बुलबुल नव्हतेच असा अर्थ निघतो.

दोन वर्षांचे आकडे शेजारी ठेवताना

चांगल्या पावसाच्या वर्षी जानेवारीतही तलाव काठोकाठ असतो, चिखल उघडा पडत नाही, आणि टिलवे-सँडपायपर कमी दिसतात. शिवाय आसपासची सगळी छोटी तळी भरलेली असल्याने बदकं पांगतात. दुष्काळी वर्षी याच्या उलट, उरलेल्या एका पाण्यावर सगळे गोळा होतात आणि विक्रमी आकडा येतो. म्हणून धरणाच्या साठ्याची टक्केवारी जलसंपदा विभागाच्या आकड्यांवरून दरवर्षी नोंदवा आणि पक्ष्यांचा आकडा तिच्या शेजारी ठेवूनच वाचा. दोन वर्षांवरून कल सांगू नका. पाच-सहा वर्षांनी काहीतरी दिसायला लागतं.

मोठ्या पाणथळीवर दोन मोजपट्ट्या लक्षात ठेवा. रामसर या पाणथळ जागांविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या निकषांनुसार नियमितपणे २०,००० किंवा त्याहून जास्त पाणपक्षी असलेली, किंवा एखाद्या जातीच्या वा उपजातीच्या समूहाचा एक टक्का नियमितपणे सांभाळणारी जागा आंतरराष्ट्रीय महत्त्वाची ठरू शकते. दुसरा निकष छोट्या तलावालाही लागू पडतो, पण तेव्हाच, जेव्हा आकडे सलग वर्षांचे आणि एकाच पद्धतीचे असतात. नांदूर मध्यमेश्वर २०२० मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून जाहीर झालं, ठाणे खाडी २०२२ मध्ये.

प्रत्येक तलावाची एक फाईल करा. तिच्यात हद्दीचा नकाशा, बिंदूंचे अक्षांश-रेखांश आणि फोटो, भागांच्या सीमांची यादी, दरवर्षीचे मूळ फॉर्म (पेन्सिलचेच, नक्कल केलेले नव्हेत) आणि गटांतल्या मतभेदांच्या टिपा. एक प्रत संयोजकाकडे, एक वनपरिक्षेत्र कार्यालयात, आणि स्कॅन केलेली तिसरी किमान दोघांच्या संगणकात.